आधी जमीन, मग पक्षी

काल सकाळी खालच्या जिज्जींबरोबर मुंगोड्या, म्हणजे मुगाचे सांडगे, घालायला गच्चीवर गेले, तर पाण्याच्या टाकीखाली परीट पक्षी आलेला. ही टाकी गेली कित्येक वर्षं गळते. तिच्याखाली हातभर जागेत ओल धरते, शेवाळ येतं, आणि तेवढ्या ओलीवर हा पाहुणा दर थंडीत येऊन उतरतो. काळा-पांढरा, चिमुकला, शेपूट सारखं खालीवर. झाशीच्या एवढ्या मोठ्या सीपरी बाजारात, एवढ्या गच्च्यांमधून त्याला आमची गळकी टाकीच बरी सापडते. प्लंबर बोलवा, असं मी दरवर्षी म्हणते आणि आमचे हे दरवर्षी म्हणतात, "राहू दे. त्याची जमीन आहे ती."

लोकांना थंडीची चाहूल लागली की तिळाची गजक आठवते, गाजराचा हलवा आठवतो. मला जिना आठवतो. परीट दिसला की वाटलेल्या डाळीचा हात तसाच धरून मी आधी जिन्याकडे कान देते, खालून कुणी हाक मारतंय का म्हणून. कुणी मारत नाही. आता फोन ज्याच्या त्याच्या खिशात असतो. तरी कान जातो तो जातोच.

मी मुळात भित्री बाई. पालीला भिते, विजेला भिते, रस्ता ओलांडताना टेम्पोला भिते. साताऱ्याकडची मी, वडील फौजेत, काका फौजेत, तरी माझ्या वाट्याला हे असं काळीज आलं. त्यात लग्न झालं ते रणगाड्यावरच्या दफादाराशी. झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत पहिल्यांदा तोफांचा सराव ऐकला तेव्हा मी कॉटखाली शिरले होते. हे दारात उभे राहून हसले नाहीत, एवढं त्यांचं चांगलं. खाली वाकून म्हणाले, "अगं, ते आपलेच आहेत." म्हणून काय झालं, आवाज आपला आणि परका असा वेगळा थोडाच येतो.

पक्ष्यांचं वेड ह्यांना फौजेतच लागलं. रणगाड्याच्या बुरुजात डोकं बाहेर काढून तासन् तास नुसतं बसून राहायचं, हुकमाची वाट बघायची, समोरची जमीन डोळ्यांनी चाळायची. उंचवटा कुठे, नाला कुठे, लपायला आड कुठे. तीच जमीन चाळता चाळता तिच्यावरचे पक्षी दिसायला लागले, आणि मग ह्यांच्या लक्षात आलं की पक्षीही तसेच बसतात. आपल्याला हवी ती जागा धरून. त्यांना सांगून कुणी बसवत नाही, पण उगाच कुठेही बसत नाहीत.

रविवारी हे बबीन्याहून झाशीला यायचे. सीपरी बाजारात जिज्जींच्या वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, भाड्याच्या. जिज्जी म्हणजे घरमालकीण. सगळी गल्लीच त्यांना जिज्जी म्हणते. हे आले की चहा होतो न होतो तोच स्कूटर बाहेर. पुढे आमची मिनू उभी, मागे मी मांडीवर डबा घेऊन. कधी पहूज नदीच्या बांधावर, कधी ओरछा गेटवरून बाहेर पडून बेतवेच्या पात्राकडे. तिथं पोचलं की ह्यांचा खेळ सुरू. पक्षी बघायला बंदी. डोळे जमिनीवर. "आधी जमीन बघ. मग सांग, इथं कोण असेल?"

मला सुरुवातीला हे शाळेतल्या परीक्षेसारखं वाटायचं. पण हळूहळू येऊ लागलं. बेतवेच्या मधोमध वाळूचं बेट, चारी बाजूंनी पाणी, कुत्रं-कोल्हं पोचणार नाही, तर तिथं नदी सुरय. उघड्या वाळूवर अंडी घालते ती, तिला दुसरं काही नको. काठाला मातीची उभी दरड असली की तिच्यात भोकं, आणि भोकात वेडे राघू. दगडांच्या ढिगासारख्या त्या आमच्या बुंदेली टेकड्या, तिथं कपारीत मोठं घुबड आणि खाली झुडपात लावे. ओरछाच्या छत्र्यांचे, राजांच्या त्या दगडी समाध्यांचे, उंच कठडे, तिथं गिधाडं. त्यांना कडा लागतो. राजेरजवाड्यांनी दगडाचे कडे बांधले आणि राहायला आली ती ही. मिनू विचारायची, "पापा, हे राजा के पक्षी हैं क्या?" तिचं मराठी तेव्हापासूनच असं.

जिज्जींना पक्ष्यांत रस नव्हता, पण जमीन त्यांना पाठ. माहेर शेतकऱ्याचं. एकदा त्यांना घेऊन गेलो होतो. तांबड्या, खडकाळ माळावर उतरल्या आणि पायानं ती नापीक माती उकरून म्हणाल्या, "जा राकड़ है भैया, ईमें कछू नईं होत." हे म्हणाले, "जिज्जी, पाखुर्डी होती है." आणि खरंच, थोडं पुढे गेल्यावर मातीतूनच फुटल्यासारखा तांबूस पाखुर्ड्यांचा थवा उडाला. गवताचं पातं नाही, पाणी लांब, दाण्यासाठी खुरटी तणं तेवढी, आणि त्यांना नेमकी तीच जागा हवी. जिज्जी पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या.

मग खेळ पुढे सरकला. हे पक्ष्याचं नाव घ्यायचे आणि मी जमीन सांगायची. घरात, भाजी निवडतानासुद्धा. "सारस." काळी माती, पाणथळ शेत. "माळढोक." उघडा गवताळ माळ, नजर पोचेल तिथवर काही नाही. "काळा तित्तिर." हा सगळ्यात सोपा. झाशीच्या आधी आम्ही पंजाबात होतो, सरहद्दीपासून फार लांब नव्हतो. कालवा, कालव्याच्या काठानं माणसाच्या वर उंच सरकंड्याचं गवत, पलीकडे गव्हाची शेतं. वसंत लागला की पहाटेपासून त्या गवतातून काळा तित्तिर ओरडायचा. कोरडा, खरखरीत, एकाच चालीवर. तिथले लोक म्हणायचे तो 'सुभान तेरी कुदरत' म्हणतो. मला तो गंजलेल्या कडीसारखा वाटायचा, पण दोन वर्षं रोज ऐकला. झाशीकडच्या आमच्या दगडात मी तो कधी ऐकला नाही. कालवा आणि सरकंडा, तिथंच त्याचं घर.

एकदा ह्यांनी मला बबीन्याच्या तोफांच्या रेंजची हद्द दाखवली होती, लांबून. लाल झेंडा, तार, पाटी. पाटीच्या पलीकडे गवत कमरेएवढं वाढलेलं आणि त्यात चंडोल, धाविक, मोर, किती काय. "माणूस आत जात नाही ना," हे म्हणाले. "गुरं नाहीत, नांगर नाही. आपल्याला भीती वाटते ती जागा ह्यांना निवांत." तेव्हा ह्या बोलण्यात मला काही वाटलं नाही. मी डब्यातली पोळी मिनूला भरवत होते.

ती थंडी आली ती नेहमीसारखीच. पहाटे दाट धुकं, स्टेशनकडून गाड्यांचे भोंगे, गाड्या तासन् तास उशिरा. बाजारात मटारचे ढीग, रिक्षावाले शेकोटीला. परीट टाकीखाली आला होता, मिनूनं मला हात धरून दाखवला होता. आणि डिसेंबरात एका सकाळी हे आठवड्याच्या मधल्याच वाराला घरी आले. गणवेशात. बूट न काढता. तिथंच मी ओळखलं, कारण आमच्याकडे बूट उंबऱ्याबाहेर ही शिस्त माझी नाही, त्यांची.

रणगाडे आगगाडीवर चढत होते. संसदेवर हल्ला झाल्यावर सगळं सैन्यच सरहद्दीकडे निघालं होतं, रेडिओवर तेच, टीव्हीवर तेच. ह्यांनी मिनूला उचललं, जिज्जींना नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं. फौजेतल्या बायका 'कुठे' विचारत नाहीत. ही आमची शिस्त. आईनं वडिलांना कधी विचारलं नाही, मी ह्यांना विचारलं नाही. 'जेवण वेळेवर घ्या' एवढं म्हणायचं आणि बाकीचं गिळायचं. मी तेवढंच म्हटलं. जिन्यावरून बूट वाजत गेले. मी गच्चीवर धावले, पण गल्ली धुक्यात बुडालेली, पाठही दिसली नाही.

भीती कशी असते ते मला त्या दिवसांत कळलं. आधीची माझी भीती नुसती खेळण्यातली. ही भीती सकाळी माझ्या आधी उठायची. कणीक मळताना, मिनूची वेणी घालताना, बाजारात भाव करताना शेजारीच उभी. भाजीवाला 'बहनजी, और?' म्हणायचा आणि मला आठवायचंच नाही काय घ्यायला आले होते. रात्री डोळा लागला तर लागला. खाली जिज्जींकडे फोन होता, गल्लीतला मोजक्यांतला एक. तो वाजला की मी हातातलं टाकून जिन्याशी यायची, आणि नाही वाजला की त्याहून जास्त वेळा.

पहिला फोन जानेवारीत आला. जिज्जी जिन्याखालून ओरडल्या, "काय बिन्नू, फोन आओ है तुमाओ." बिन्नू म्हणजे ताई. बुंदेलीतही 'काय' आहे, आणि जिज्जींचं ते 'काय' ऐकलं की एरवी मला माहेरचं वाटायचं. त्या दिवशी मी जिन्यावरून अर्धी घसरत आले. पलीकडून ह्यांचा आवाज, खोल विहिरीतून यावा तसा. मागे माणसांचा गलका. रांग होती म्हणाले, पटकन बोल.

"कसे आहात?"

"मजेत. थंडी फार आहे. मिनू?"

"बरी आहे." मग काय बोलावं सुचेना. सुचलं तेच विचारलं, "कोण दिसलं?"

ह्यांच्या आवाजात हसू आलं. "पाखुर्डी. सकाळी थवेच्या थवे पाण्यावर येतात. आणि कुरजा. लहान क्रौंच गं, करडे. वरून ओरडत जातात."

फोन ठेवला आणि मी तिथंच जिज्जींच्या वेताच्या मोढ्यावर बसले. पाखुर्डी आणि कुरजा. म्हणजे रेती. उघडा मुलूख, राजस्थानच्या पोटातला भाग, मधूनच एखादं तळं. 'कुठे' मी विचारलं नव्हतं आणि ह्यांनी सांगितलं नव्हतं, शिस्त जिथल्या तिथं होती. पण मला जमीन कळली. जीव अगदी भांड्यात पडला असं नाही, भांड्याच्या काठावर येऊन बसला म्हणा.

त्यानंतर प्रत्येक फोनला एक पक्षी. कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं. "रेतीतला चंडोल." "माळढोक, एकच, फार लांब." मी फोन ठेवला की मिनूला जवळ घ्यायची आणि सांगायची, पापा अशा अशा जागी आहेत. तिथं रेतीचे उंचवटे आहेत. तिथून सरहद्द लांब आहे. शेवटचं वाक्य माझं, पदरचं. तरी ते म्हटलं की मला त्या दिवशी जेवण जायचं.

जिज्जींचे यजमान रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचत. त्यांना सवय होती, त्यात कुणाला दुखवायचं नव्हतं. त्या पेपरात एक शब्द वारंवार यायला लागला. बारूदी सुरंग. पंजाबाकडे, कालव्यांच्या भागात, सरहद्दीलगतच्या शेतांत सुरुंग पेरताहेत. पेरताहेत, असंच लिहायचे, गहू पेरावा तसं. पेरताना, नेताना, चुकून पाऊल पडल्यानं अपघात होताहेत. जिज्जींच्या यजमानांनी हे वाचलं की मी भांडी जोरात घासायची. ह्यांचं तिथं काय काम, हे रेतीत आहेत, पाखुर्डीच्या मुलखात. रोज स्वतःला बजावायची. कालव्याकाठी पाखुर्डीचे असे थवे कशाला येतील. मला जमीन कळते.

मार्च लागला. झाशीत ऊन कडक व्हायला लागलं, कडुनिंबाची पानं गळून गच्चीवर यायला लागली. परीट गेला होता की जाण्याच्या बेतात होता. फोन सकाळी आला, लवकर. मी कुकर बंद करून खाली गेले. ह्या खेपेला आवाज स्वच्छ. मागे गलकाही नव्हता.

"आज रांग नाही?"

"सकाळी लवकर आलो. बूथ गावाच्या कडेला आहे, इथवर चालत येतो."

"कोण दिसलं?"

"आज? पाखुर्डीच. रोजच्यासारखी. रेतीवर—"

आणि ह्यांच्या मागून तो ओरडला.

कोरडा, खरखरीत, गंजलेल्या कडीसारखा. एकदा. मग हे मिनूच्या शाळेचं काहीतरी विचारत होते आणि तो पुन्हा ओरडला, अगदी जवळून. दोन वर्षं रोज पहाटे ऐकलेला आवाज. काळा तित्तिर.

मी 'हो', 'बरं', 'हो' म्हणत राहिले. हे बोलत होते रेतीबद्दल आणि ह्यांच्या पाठीशी कालवा होता, सरकंडा होता, पलीकडे गव्हाची शेतं होती. महिनोन् महिने हे मला पक्ष्यांची नावं देत होते, घाबरू नये म्हणून निवडून निवडून, जिथं मला झोप लागेल अशा जमिनीवरची. रोज तो तित्तिर ऐकून ह्यांच्या कानाला सवय झाली असणार, घड्याळाच्या टिकटिकीसारखी. तो फोनमधून झाशीपर्यंत पोचतोय हे ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. ह्या माणसाला खोटं कधी नीट बोलता आलं नाही.

राग आला. खरंच आला, पहिला राग. मग तो राग भीतीत केव्हा बुडाला कळलं नाही. फोन ठेवल्यावर जिज्जींनी विचारलं, "का हो गओ? मों काय उतर गओ?" मी म्हटलं, काही नाही, ऊन लागलं. सकाळच्या वेळी कसलं ऊन.

पुढच्या रविवारी मिनूनं हट्ट धरला म्हणून तिला टेम्पोनं ओरछाला घेऊन गेले. घरात राहवतही नव्हतं. छत्र्यांच्या कठड्यावर गिधाडं बसली होती, पंख अर्धवट उघडून ऊन खात. मिनू बोट दाखवून म्हणाली, "आई, राजा के पक्षी." त्यांना कडा लागतो, वरून सगळी जमीन दिसायला हवी म्हणून, हे ह्यांनीच शिकवलेलं. कशासाठी दिसायला हवी, ते त्या दिवशी मला नको नको होत असताना आठवलं. मी मान वर केली नाही. मिनूचा हात धरून नदीकडे वळले.

पुढच्या फोनला मी ठरवून उभी राहिले. भित्री असले तरी हट्टी आहे. ह्यांनी 'मिनू कशी आहे' म्हणायच्या आत मी म्हटलं, "आज माझी पाळी. मी पक्षी सांगते, तुम्ही जमीन सांगा."

"सांग."

"काळा तित्तिर."

लाइन गेली असं वाटलं. मग अगदी हळू, "कालवा."

"आणि?"

"सरकंडा."

"आणि पलीकडे?"

"शेत."

"शेतात कोण जातं?"

"कोणी जात नाही."

"तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. किती वेडेपणाचं बोलणं. रणगाड्यावरच्या माणसाला, दफादाराला, बायको फोनवर सांगतेय शेतात जाऊ नका. हे मला हसले नाहीत. कॉटखाली शिरले होते तेव्हा हसले नव्हते तसंच. म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

मग वैशाखात एक फोन आला त्यात पक्षीच नव्हता. मी विचारलं, कोण दिसलं. हे म्हणाले, "काही नाही." मी पुन्हा विचारलं. "काही नाही गं. काही नाही इथं." आवाज ह्यांचाच, पण आत कुणी नसल्यासारखा. ह्यांच्या रांगेत नेहमी मागे एक जण असायचा, ह्यांचा सोबती, 'भाभी नमस्ते' असं ह्यांच्या खांद्यावरून ओरडायचा. त्या दिवशी तो ओरडला नाही. त्यानंतर कधीच ओरडला नाही. मी विचारलं नाही. 'कुठे' विचारायचं नसतं, तसंच 'कोण' हेही विचारायचं नसतं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. मी वर जाऊन देवापुढे बसले आणि माझा नवरा फोनवर बोलला म्हणून रडले. दुसऱ्या एका घरी त्या दिवशी कसला फोन गेला असेल, ह्या विचारानं माझा रडण्याचा आवाजच फुटेना.

हे परत आले ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. धड. हात धड, पाय धड, मी दोनदा हात लावून बघितलं. मिनू गळ्यात पडली, जिज्जींनी दृष्ट काढली, गल्लीत बालूशाही वाटली. मला वाटलं, संपलं. आता मी पालीला भ्यायला मोकळी.

पुढच्याच रविवारी पहूजच्या बांधावर गेलो. स्कूटर लावली, डबा काढला. टिटवीच्या मागे मिनू रस्ता सोडून गवतात पळाली. आणि हे ओरडले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, घरात तर नाहीच. "थांब. तिथंच थांब. पाय उचलू नकोस." मिनू एक पाय पुढे टाकलेल्या अवस्थेत पुतळ्यासारखी उभी, ओठ थरथरताहेत. हे डांबरी रस्त्याच्या कडेला उभे. कडेवर बुटाची टोकं, पण त्यापुढे एक बोट नाही. चेहरा पांढराफटक. समोर गुडघाभर गवत, चार पावलांवर आपली मुलगी, आणि ह्या माणसाला रस्ता सोडता येईना. मीच गेले, तिला कडेवर घेतलं, आणलं. डबा तसाच परत आला.

ह्या गोष्टीलाही आता किती वर्षं झाली. हे निवृत्त झाले, जिज्जींचा वरचा मजला आम्ही विकत घेतला, मिनू पुण्याला नोकरीला लागली, फोनवर विचारते, "आई, पापा ठीक हैं ना?" ठीक आहेत. भाजी आणतात, चार घरी गप्पा मारतात, सिव्हिल लाइन्सच्या रुंद फुटपाथवरून रोज सकाळी फिरून येतात. फक्त मातीवर उतरत नाहीत. पक्षी बघायचे ते गच्चीवरून, नाहीतर डांबरावरून. ओरछाच्या छत्र्यांत फरशी आहे, तिथं चालतं. बेतवेचा पूल चालतो, पात्र नाही. जमीन बघून पक्षी सांगणारा माणूस, आणि त्याची स्वतःची जमीन एवढीच उरली. मी कधी त्यावर बोलले नाही. भीतीला काय बोलायचं, मी तिच्याबरोबर जन्म काढलाय.

ह्यांनीही ह्या सगळ्यात एकदाच तोंड उघडलं. मटार सोलत होतो. अचानक म्हणाले, "तो तित्तिर होता ना. तुला ऐकू गेला तो. तो त्या शेतातच राहायचा. तारेच्या आत." मी शेंग तशीच हातात धरली. "त्या वर्षी तिथं नांगर नाही, गुरं नाहीत, माणूस नाही. गवत असं माजलं. तित्तिराचं वजन ते किती? खुशाल हिंडायचा वरून. पिलं काढली त्यानं तिथं. आम्ही तारेच्या बाहेरून बघायचो." मग पुढची शेंग फोडत, "त्याला ती जमीन फार मानवली." मला बबीन्याचा तो लाल झेंडा आठवला. आम्ही उरलेले मटार सोलले.

तर काल परीट आला, आणि आज सकाळी हे म्हणाले, "पहूजवर जाऊ या. बदकं आली असतील."

गेलो. धुकं नुकतं उठत होतं. बांधावरचा रस्ता ओला, खाली गवत दवानं पांढरं, त्यापलीकडे पाणी. स्कूटी लावून हे नेहमीच्या जागी उभे राहिले, डांबराच्या कडेला, दुर्बीण डोळ्याला. पाण्यावर काहीतरी हललं, पण सरकंड्यासारख्या गवताच्या आड. दुर्बीण खाली घेतली, वर घेतली, पुन्हा खाली घेतली. हे त्या गवताकडे बघत होते. मी ह्यांच्याकडे बघत होते. साठी ओलांडलेला माणूस, मुलानं मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहावं तसा.

मी चप्पल काढली आणि रस्ता सोडला.

"अगं," मागून आवाज आला. "अगं, नको."

मला पक्कं ठाऊक आहे की तिथं काही नाही. गुराखी रोज जातात तिथून, म्हशी जातात. तरी पहिलं पाऊल टाकायला वेळ लागला, कारण इतकी वर्षं मी ह्यांच्या भीतीच्या शेजारी झोपलेय आणि ती मला लागलेली आहे. दव बर्फासारखं. दुसरं पाऊल टाकलं. तिसरं. मागे वळून बघायची हिंमत होईना. तळव्याखाली ओली माती दबत होती.

बराच वेळ मागे काहीच नव्हतं. मग गवत मोडल्याचा आवाज आला. एकदा. थांबला. पुन्हा एकदा.

"पाऊल दाबून टाक," हे म्हणाले. "तुझा ठसा दिसत नाही मला."

मी पाऊल दाबून टाकलं.